तिसरी ओळ

शब्द कापण्यात कुवाबारा मित्सुयोचा हात धरणारं जपानमधल्या कानाझावात तरी कोणी नव्हतं. ती ज्या कंपनीत होती तिथे 'कुरा' नावाचं सॉफ्टवेअर बनायचं. कुरा म्हणजे कोठार. कारखान्यांतले लोक आपापल्या यंत्रांचे प्रोग्रॅम त्यात ठेवायचे. कोणती ओळ कोणी बदलली, कधी आणि का, हे सगळं कोठार नोंदवून ठेवायचं, आणि कुठे घोळ झालाच तर मागच्या नोंदीवर परत जाता यायचं. घोळ झाला की पडद्यावर सल्ला उमटायचा, की आता अमुक करा. हे सल्ले लिहिण्याचं काम मित्सुयोचं. एकवीस वर्षं ती हेच करत होती.

ऐकणाऱ्याला हे काम चिमूटभर वाटेल. तसं ते नाही. सल्ला वाचणारा माणूस आधीच घामाघूम झालेला असतो, त्याचं दिवसभराचं काम टांगणीला लागलेलं असतं, आणि मागे कोणीतरी साहेब उभा असतो. अशा माणसापुढे निबंध ठेवून चालत नाही. मित्सुयोचं म्हणणं असं की घाबरलेला माणूस दोन ओळी वाचतो, तिसरी वाचत नाही. म्हणून तिच्या हाताखालून जाणारा प्रत्येक सल्ला दोन ओळींत बसलाच पाहिजे, असा तिचा दंडक होता. लोक तिला वचकून असायचे आणि मागे हसायचेही. बाईंनी माझ्या लग्नाच्या आमंत्रणातल्याही चार ओळी उडवल्या, असं एक जण सांगायचा, आणि ते खरं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मालकांनी तिला आत बोलावलं. इवाकिरी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, बापाच्या मागे कंपनी सांभाळणारा, मनाने वाईट नाही. मित्सुयोचे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्याने तिला तीन वर्षं घरून काम करू दिलं होतं, एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या उपकाराची जाणीव तिला रोज असायची.

"उओझूच्या लोकांचा अहवाल आलाय," तो म्हणाला. "फाटकवाले. एका मुलीचं अकरा आठवड्यांचं काम उडालं. मी तर हबकलोच होतो. पण वाचा, वाचा, जीव भांड्यात पडेल तुमचा."

उओझूची ती कंपनी रेल्वे फाटकांचे प्रोग्रॅम लिहायची. दांडा कधी खाली यायचा, किती सेकंद खाली राहायचा, हे ठरवणारे प्रोग्रॅम. अहवालाच्या वरच पाच 'का'चा कागद लावलेला होता, पाचदा 'का' विचारून चुकीच्या मुळाशी जायचा.

काम का गेलं? 'परत' ही आज्ञा दिली म्हणून. ती का दिली? पडद्यावर तसा सल्ला होता म्हणून. परिणाम का कळला नाही? सल्ला नीट वाचला नाही म्हणून. का वाचला नाही? घाई केली म्हणून. घाई का केली? निष्काळजी स्वभाव.

खाली सही होती, ओगाता चिनामी, वय सव्वीस, करारावरची कर्मचारी. त्याखाली विभागप्रमुख तोकोरो यांचा लाल शिक्का आणि एक वाक्य, की मार्चअखेर करार संपतो, तो वाढवण्याचा विचार नाही.

"म्हणजे आपल्यावर काही नाही," इवाकिरी म्हणाला. "त्यांनीच लिहून दिलंय. तरी जाऊन यायला हवं. मिठाईचा खोका घ्या, चांगल्या दुकानातला. पण एक लक्षात ठेवा, बाई. वाईट वाटलं म्हणा, चुकलं म्हणू नका. वकिलांनी बजावून सांगितलंय."

"मीच जायचं?"

"सल्ले तुमचे. आणि तुमचे केस पांढरे आहेत, लोक तुमच्यासमोर आवाज चढवत नाहीत."

ती जागेवर येऊन बसली आणि अहवालाला जोडलेलं पडद्याचं चित्र तिने पाहिलं. दोनच ओळी होत्या.

'या फायलींचा मेळ बसत नाही. मागच्या नोंदीवर जाण्यासाठी परत ही आज्ञा द्या.'

इथे पूर्वी तिसरी ओळ होती.

कोठारात शोधायची एक सोय असते. कोणतीही फाईल उघडली की प्रत्येक ओळीसमोर ती शेवटी कोणी बदलली त्याचं नाव येतं. काही बिघडलं की सगळे आधी तिकडेच धावतात, कारण खापर फोडायला डोकं तिथेच सापडतं. मित्सुयोने ती सोय चालवली. पहिल्या ओळीसमोर कधीच निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं नाव आलं, दुसरीसमोरही त्यांचंच. तिचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? नाव येतं ते असलेल्या ओळीसमोर. जी ओळ कोणी काढून टाकली, तिच्यासमोर लिहायला जागाच उरत नाही.

तिला मात्र कुठे पाहायचं ते ठाऊक होतं. चार वर्षांमागच्या नोंदी ती एकेक करत उलगडत गेली आणि तिला ती सापडली. काढलेली ओळ अशी होती: 'नोंद न केलेलं काम यात कायमचं पुसलं जातं, आधी ते राखून ठेवा.' आणि बदलाचं कारण म्हणून तिने स्वतः लिहिलं होतं, 'अनावश्यक ओळ काढली.' त्या दिवशी बैठकीत तिचं कौतुक झालं होतं. आणि तिने मनाशी म्हटलंही होतं, अर्ध्या दिवसाहून जास्त काम नोंद न करता ठेवणारा वेडा कोण असणार?

मग तिने स्वतःची समजूत घातली. मुलीने वाचलंच नाही असं ती स्वतः लिहून देते आहे. जिने दोन ओळी वाचल्या नाहीत तिने तिसरी काय वाचली असती? या एका विचाराला धरून मित्सुयो दोन दिवस नीट जेवली आणि गुरुवारी मिठाईचा खोका मांडीवर घेऊन उओझूच्या गाडीत बसली.

कारखान्याच्या ऑफिसात शिरताच तिला तो आवाज आला. चाळीसेक माणसं, थोड्याथोड्या वेळाने कुठल्या तरी टेबलापाशी कोणीतरी बोट रोखून मोठ्याने काहीतरी वाचायचं, आणि शेवटी बोट उंचावून "ठीक!" म्हणायचं. रेल्वेचे चालक सिग्नलकडे बोट दाखवून बोलतात, तेच. फाटकाचं काम म्हणजे रेल्वेचंच काम, म्हणून पडद्यावरचं काहीही दाबण्याआधी इथे बोट दाखवायचं, ओळ उच्चारायची आणि मगच दाबायचं. भिंतीवर कुराच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत येणारं, काय बदललं आणि का हे सांगणारं बदलपत्रक चिकटवलेलं होतं, प्रत्येकावर लाल शिक्का.

"ही पत्रकं आम्ही सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर वाचतो," तोकोरो अभिमानाने म्हणाले. साठीकडे झुकलेले, कमरेला पट्टा बांधलेले, उठबस करताना चेहरा वाकडा करणारे गृहस्थ. "मी स्वतः वाचतो. एकेका ओळीवर बोट ठेवून. तुमची पत्रकं छोटी असतात म्हणून बरं, बाई. दुसऱ्या एका कंपनीचं वाचताना माझ्या घशाला कोरड पडते."

मित्सुयोने खोका दोन्ही हातांनी पुढे केला, वाकली आणि शिकवलेलं वाक्य म्हणाली. "झालं ते ऐकून फार वाईट वाटलं."

"छे, छे. उलट आम्हालाच लाज वाटते. तुम्हाला एवढ्या बर्फातून यावं लागलं." त्यांनी मान वळवून हाक मारली. "ओगाता! इकडे ये."

आली ती बारीक चणीची, गालांवर थंडीचे चट्टे उठलेली मुलगी. ती इतकी खाली वाकली की मित्सुयोला तिच्या मानेवरचं हाड दिसलं.

"माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला," ती म्हणाली.

"दाखव बाईंना, काय केलंस ते," तोकोरो म्हणाले. "म्हणजे त्यांनाही कळेल."

चिनामीने सरावाच्या संगणकावर तोच घोळ मुद्दाम करून दाखवला. पडद्यावर त्या दोन ओळी उमटल्या. मित्सुयो तिच्या मागे उभी होती. मुलीने पाठ ताठ केली, उजव्या हाताचं बोट पडद्याकडे रोखलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "या फायलींचा मेळ बसत नाही!" बोट खाली सरकलं. "मागच्या नोंदीवर जाण्यासाठी परत ही आज्ञा द्या!" मग तिने आज्ञा लिहिली, तिच्यावरही बोट ठेवून ती वाचली, हात उंचावला, "ठीक!" म्हणाली आणि दाबलं.

दोन दिवस ज्या विचाराला धरून मित्सुयो उभी होती तो पायाखालून गेला होता.

"त्या दिवशीही असंच वाचलंत?" तिने विचारलं.

"हो."

"मोठ्याने?"

"दोनदा. शेजारच्यांनीही ऐकलं. मला वाटलं, मागच्या नोंदीवर जाऊन बघून येऊ, माझं काम इथेच असेल. ते नसेल असं कुठे लिहिलेलं नव्हतं."

तोकोरोंना तेवढ्यात फोन आला आणि ते कमरेला हात लावत खिडकीकडे गेले. मित्सुयोने आवाज खाली आणला.

"मग कागदावर 'वाचला नाही' असं का लिहिलंत?"

चिनामीने तिच्याकडे पाहिलं, जणू इतक्या वयाच्या बाईला हेही सांगावं लागतं. "पाचव्या 'का'पाशी माणूसच यावा लागतो, बाई. मी आधी लिहिलं होतं की सल्ल्यात तसं काही नव्हतं. कागद परत आला. परत लिहिलं, परत आला. तिसऱ्यांदा मी 'निष्काळजी स्वभाव' लिहिलं, तेव्हा पास झाला."

"आणि अकरा आठवडे नोंदच केली नव्हती? एकदाही?"

"शिक्का नव्हता ना."

"कसला शिक्का?"

"साहेबांनी तपासून शिक्का मारल्याशिवाय आम्ही कोठारात काही टाकत नाही. साहेब नोव्हेंबरअखेरपासून अडीच महिने दवाखान्यात होते, मणक्याचं ऑपरेशन. शिक्का त्यांच्या खणात."

"दुसऱ्या कोणी मारला असता तर?"

"साहेबांच्या कामावर दुसऱ्याचा शिक्का?" चिनामी पहिल्यांदाच किंचित हसली. "ते परत आले की त्यांना तोंड कोण दाखवणार? म्हणून सगळं माझ्याच संगणकात पडून होतं. राखीव प्रत निघते ती कोठारातल्याची, माझ्या संगणकाची नाही. आणि कागदावर लिहिलेलं नव्हतं, बर्फात कागद टिकत नाही. फाटकापाशी उभं राहून आकडे तिथल्या तिथेच भरायचे."

"कसले आकडे?"

"माणसं किती वेळात पलीकडे जातात त्याचे. एकतीस फाटकं आहेत माझ्याकडे दिलेल्या मार्गावर. नियमांच्या पुस्तकात सगळ्यांना एकच वेळ दिलाय, पण तिथे राहतात सगळे सत्तरीच्या पुढचे. एका ठिकाणी रूळ तिरके आहेत, म्हातारीच्या ढकलगाडीचं चाक त्यात बसतं, मग ती ते काढते, मग पुन्हा चालते. हे पुस्तकात कसं असेल? म्हणून मी उभी राहून मोजलं. प्रत्येक फाटकावर सकाळ, दुपार, संध्याकाळ." तिने हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. "आता एप्रिलपासून दुसरं कोणी येईल. साहेब म्हणतात, पुस्तकातलाच वेळ घाला, उशीर फार झालाय."

तोकोरो फोन ठेवून परत आले. मित्सुयोच्या जिभेवर वाक्य तयार होतं. ती ओळ मी काढली. पाचही शब्द नव्हते त्यात धड. तिला वकील आठवले, इवाकिरी आठवला, वडिलांच्या खाटेशेजारी मांडलेला तिचा संगणक आठवला, आणि दोन वर्षांवर आलेली निवृत्ती आठवली. आयुष्यभर कमी शब्दांवर पोट भरलेली ती बाई तिथे काहीच बोलली नाही. पुन्हा वाकली, पुन्हा वाईट वाटलं म्हणाली आणि निघाली.

चिनामी तिला कारखान्याच्या दारापर्यंत सोडायला आली, पाहुण्यांना सोडतात तशी, छत्री धरून.

"बाई, एक विचारू का? ते सल्ले लिहितात त्यांची नि तुमची ओळख असेल."

"आहे."

"त्यांना एकदा विचाराल? मी काय चुकीचं वाचलं ते. करार जाऊ दे, तो गेलाच. पण मी त्या ओळी पुन्हापुन्हा वाचून बघते आणि अजून मला माझी चूक सापडत नाही. सापडली असती तर निदान पुढच्या नोकरीत केली नसती."

"विचारते," मित्सुयो म्हणाली. गाडीत बसल्यावर तिला स्वतःची इतकी किळस वाटली की शेजारच्या बाईने देऊ केलेलं संत्रंसुद्धा तिने हातात तसंच धरून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेआधी आली आणि तिने तिसरी ओळ जागेवर घातली. ते दोन मिनिटांचं काम. मग बदलाचं कारण लिहायची चौकट उघडली, जे बदलपत्रकात जसंच्या तसं छापून जायचं, आणि तिथे ती तासभर बसून राहिली. मग लिहून तिने ते इवाकिरीपुढे ठेवलं, कारण नवी आवृत्ती त्याच्या संमतीनेच बाहेर जायची.

इवाकिरीने वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग उठून दार लावलं.

"ओळ घालायला माझी ना नाही," तो म्हणाला. "घालायलाच हवी. तीनशे कारखान्यांत हा सल्ला आत्ता या घडीला कोणाच्या तरी समोर असेल. पण हे कारण? हे काय लिहिलंय तुम्ही?"

"झालं ते."

"बाई, तुम्हीच आयुष्यभर आम्हाला शिकवलंत की कारण एका ओळीत लिहा. लिहा ना! 'शब्दरचना सुधारली.' संपलं. खोटंही नाही."

मित्सुयोने त्या दोन शब्दांकडे मनातल्या मनात पाहिलं. तिने स्वतः याहून सुटसुटीत लिहिलं नसतं. त्यात कोणाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, मुलगी नव्हती. वाचणारा डोळा त्यावरून घसरून पुढे गेला असता.

"हे असं कापून लिहिणंच सगळं अंगाशी आलंय, साहेब," ती म्हणाली. "मी तिथे जाऊन तोंडाला कुलूप लावून आले. ती मुलगी मला विचारत होती की तिने काय चुकीचं वाचलं."

"आणि उद्या त्यांनी दावा लावला म्हणजे? चाळीस घरं चालतात या कंपनीवर."

"माहीत आहे."

"मी तुमच्यासाठी काय केलं नाही?"

"सगळं केलंत." तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने लपवले नाहीत. "म्हणून तर तुमच्यापुढे आणून ठेवलं. तुमची संमती घेऊन मग गुपचूप कारण बदलता आलं असतं मला. तुम्ही नाही म्हणालात तर मी राजीनामा देईन आणि उओझूला जाऊन तोंडी सांगेन. पण त्यांच्याकडे तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही. बदलपत्रक मात्र हजेरीला सगळ्यांसमोर वाचतात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत."

इवाकिरी बराच वेळ खिडकीतून खालच्या बर्फ काढणाऱ्या माणसांकडे बघत राहिला. मग परत येऊन खुर्चीत बसला, तिच्याकडे न बघता.

"सोमवारपासून सल्ले तुम्ही लिहायचे नाहीत," तो म्हणाला. "सल्ले बदलायची किल्ली माझ्याकडे द्या. ग्राहकांचे फोन घ्या, वर्ष दोन वर्षं काय उरलीत ती."

"बरं."

आणि त्याने आवृत्तीला संमती दिली. त्याच्या हातून ते कसं झालं हे त्याला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. मित्सुयोची एकवीस वर्षांची किल्ली त्याच्या नावावर गेली, त्यालाही एक बटण दाबण्याएवढाच वेळ लागला.

बुधवारी दुपारी तिचा नव्या टेबलावरचा फोन वाजला.

"ओगाता बोलतेय, उओझूहून. आज हजेरीला वाचलं."

"कोणी?"

"साहेबांनीच. त्यांनी आधी चाळलं नव्हतं, तुमची पत्रकं छोटी असतात म्हणून. नेहमीसारखं बोट ठेवून मोठ्याने सुरू केलं. 'चार वर्षांपूर्वी ही ओळ मी काढली. काढताना मला वाटलं, कोणी अर्ध्या दिवसाहून जास्त काम नोंद न करता ठेवत नाही. मी कोणाला विचारलं नाही.'" चिनामीला ते पाठ झालं होतं. "'एका वापरकर्तीने उरलेल्या दोन ओळी शब्दशः आणि मोठ्याने वाचल्या आणि त्यात सांगितलं तेच केलं. तिचं अकरा आठवड्यांचं काम गेलं. तिच्या वाचण्यात चूक नव्हती. चूक सल्ल्यात होती. कुवाबारा मित्सुयो.' तिथे साहेबांचं बोट थांबलं, बाई. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता पत्रक मिटतात."

"मिटलं?"

"नाही. शेवटी 'ठीक' म्हणावं लागतं ना. ते म्हणाले. फार हळू म्हणाले, पण म्हणाले. मग खणातून माझा पाच 'का'चा कागद काढला, स्वतः त्याच्यावर रेघ मारली आणि शिक्का परत खणात न टाकता बाहेर टेबलावर सगळ्यांच्या हाताशी ठेवून दिला. करार सप्टेंबरपर्यंत वाढवलाय. फाटकं पुन्हा मोजायची."

मित्सुयोने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"ते तुम्हीच होतात तर," चिनामी म्हणाली.

"हो."

"मी छत्री धरून विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"घाबरले."

पलीकडच्या ऑफिसातला तो आवाज तारेतून ऐकू येत होता, कोणीतरी वाचत होतं, कोणीतरी ठीक म्हणत होतं. मित्सुयो माफी मागू लागली, वकिलांनी नको म्हटलेला तोच शब्द तिने वापरला, एकदा, दोनदा. चिनामीने ते ऐकून घेतलं. काही हरकत नाही असं ती म्हणाली नाही.

"मोजायला किती जणं लागतात?" शेवटी मित्सुयोने विचारलं.

"खरं तर दोन. एकाने माणसावर नजर ठेवायची, एकाने घड्याळ बघून आकडा भरायचा. मागच्या वेळी मी एकटीनेच केलं. आताही दुसरं माणूस द्यायला नाही म्हणतात."

"शनिवार-रविवार मला सुट्टी असते. मी येऊ?"

"तुम्ही?"

"आकडे भरीन. बाकी काही बोलणार नाही. तुमचे अकरा आठवडे माझ्यामुळे गेले, त्यातले जमतील तेवढे दिवस मी उभी राहीन."

मित्सुयोला वाटलं, फोन ठेवला. तसं झालं असतं तरी तिने मुलीला बोल लावला नसता.

"पहिली गाडी सहा वाजून दहाची पकडा," चिनामी म्हणाली. तिचा आवाज अजून कोरडाच होता. "आणि बूट चांगले घाला, बाई. त्या तिरक्या रुळांच्या फाटकावर बर्फ गुडघ्यापर्यंत असतो, आणि ढकलगाडीवाली म्हातारी आठच्या आत येते."